लवूचो पक्षी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या किर्लवण गावचे मानकरी गंगारामदादा परब, ओरोसहून मुद्दाम आलेले शिक्षण खात्याचे सुदेश साहेब, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका किशोरीबाई, ज्यांना आज आपण निरोप देतोय त्या संचिताबाई ढगे, समोर बसलेले माझे गाववाले, आयाबाया, आणि सतरंजीवर बसून खाऊच्या पिशव्यांकडे बघणारी आमची पोरं, तुम्हा सगळ्यांना लवूचा नमस्कार.

भाषणात विचारायची पद्धत नाही हे मला ठाऊक आहे. पण चार माणसं दिसली की आधी प्रकृतीची विचारपूस केल्याशिवाय माझी जीभ सुटत नाही. गंगारामदादा, गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना आज कुणाचा हात धरला नाहीत, म्हणजे तेल लागू पडलेलं दिसतं. सुदेश साहेब, आमच्या रस्त्यानं कंबर जागेवर ठेवली ना? किशोरीबाई, तुमच्या चहात पोरींनी साखर घातली नाही ना? सुगंधावैनी, डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले, मी दिसतोय का? "दिसतंस रे, बोल आता," म्हणते. बरं झालं. संचिताबाई, तुमची प्रकृती मी विचारत नाही. सकाळपासून तीनदा डोळे पुसलेत ते मी मोजलेत.

माझी ओळख करून देताना किशोरीबाई म्हणाल्या, "पक्षीमित्र लवू." सभागृहात कोण हसलं ते मी बघितलं. हसायला हरकत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. धंदा पाडेल्याचा, म्हणजे माडावर चढून नारळ पाडायचे. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्या सोडून झालं. पुडीतली साखर घरात जायची, कागद माझ्याकडे. त्यामुळे माझं ज्ञान जरा अर्धवट आहे, पुष्कळ बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही. हे भाषण मात्र मी स्वतः लिहिलंय, आणि शेवटापर्यंत लिहिलंय.

आठ वर्षांपूर्वी संचिताबाई जालन्याकडून आमच्या शाळेत आल्या. आल्या तेव्हा त्यांना आमची मालवणी कळेना आणि आम्हाला त्यांचं "पाह्यलं" आणि "चाल्लाव" कळेना. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या भिंतीला बुरशी आली, चपलेला बुरशी आली, हजेरीपटालाही आली. आम्ही पैज मारलेली, बाई दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. टिकल्या. इतक्या टिकल्या, की आज आंतरजिल्हा बदलीनं त्या आपल्या माणसांत परत जातायत, हे चांगलं आहे असं स्वतःला समजावत मी जानेवारीपासूनचे दिवस घालवलेत.

आता गोष्ट अशी आहे. बाहेरच्या पाहुण्यांना ठाऊक नसेल, पण आमच्या गावात "लवूचो पक्षी" असा एक बोलण्याचा प्रकार आहे. जे कुणी कधी बघितलं नाही, जे येणार येणार म्हणतात आणि येत नाही, तो लवूचो पक्षी. थांब्यावर कुणी विचारलं, "येष्टी इली काय गो?" की उत्तर ठरलेलं, "इली, लवूच्या पक्ष्यावर बसान इली!" मुंबईकर म्हणाला, गणपतीला येतो, की घरचे म्हणायचे, "येतलो, लवूच्या पक्ष्याबरोबर." मी चहाला बसलो की हॉटेलात हाक, "काय रे लवू, आज पक्षी चाय प्याक नाय इलो?"

कारण काय? सेहेचाळीस वर्षांपूर्वी, मी बावीस वर्षांचा असताना, गावात सांगून बसलो, की देवाच्या राईत मी एक पक्षी बघितला. डोकं तव्याच्या बुडासारखं काळं, छातीवर पांढरी दोरी बांधल्यासारखी रेघ, आणि दोरीखाली सगळं पोट कोकमाचं आगळ सांडावं तसं लालबुंद. लोकांनी विचारलं, कधी बघितलास? मी गप्प. कुठल्या झाडावर? मी गप्प. बरोबर कोण होतं? मी एकदा म्हणालो कोणी नव्हतं, एकदा म्हणालो कोंबडी होती. झालं. तिथून लवूचो पक्षी उडाला तो सेहेचाळीस वर्षं खाली बसला नाही.

मी गप्प का होतो, ते पुढे सांगतो. जरा धीर धरा, मीही धरलाय.

माझी थट्टा मला चालत होती. खरं सांगतो, तिची सवय झाली होती. पण तीन वर्षांपूर्वी माझी नात रिया शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आजो, तू खोटारडो आसस काय?" वर्गात तिनं काहीही सांगितलं की पोरं म्हणत, लवूच्या पक्ष्याची नात ही. तेव्हा मला पहिल्यांदा लागलं. माझी थट्टा माझ्या नातीच्या दप्तरात जाऊन बसली होती.

त्याच वर्षी बाईंनी पोरांना सांगितलं, गावातल्या पक्ष्यांची नावं लिहून आणा. पोरांनी लिहिलं, कावळा, भारद्वाज, धनेश, खंड्या, आणि चारपाच पोरांनी लिहिलं, लवूचा पक्षी. आता आमच्यातला मास्तर असता तर हसून लाल रेघ मारली असती. बाई पाच वर्षांनीही परक्या, थट्टेतली मालवणी त्यांना अजून कळत नव्हती. त्यांना वाटलं, असेल एखादी जात! त्यांनी आपलं पुस्तक काढलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं, सापडला नाही. म्हणून रविवारी विचारत विचारत माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात आल्या. मी झावळ्या विणत होतो. म्हणाल्या, "आबा, तुमचा पक्षी कसा दिसतो?"

मंडळी, तोवर इतक्या वर्षांत मला लोकांनी कधी विचारलं, कुठे विचारलं, किती प्यायला होतास तेही विचारलं. कसा दिसतो, हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पुस्तक उघडलं, एका पानावर बोट ठेवलं. तोच होता. डोकं काळं, दोरी पांढरी, पोट लाल. खाली नाव छापलेलं, कर्णा. मी ते चित्र बघितलं आणि घरात जाऊन पाणी पिऊन आलो. रियाला हाक मारली. ती पुस्तकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण आजो, ह्यो पुस्तकात आसा. राईत खंय आसा?"

नात माझीच आहे, बोलणं टोचणारच.

बाई म्हणाल्या, हा दाट रानातला पक्षी, दिसायला महाकठीण. तुम्हाला दिसला तेव्हाची सगळी हकिकत सांगा. आणि मी सांगितली. बायकोलासुद्धा सांगितली नव्हती ती त्या बाईंना सांगितली. परक्या म्हणून सांगितली, की त्यांनी आधी नीट विचारलं म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही.

परवा मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्हाला निरोपाची भेट काय देऊ? शाल गाव देणार, श्रीफळ गाव देणार." त्या म्हणाल्या, "मला काही नको आबा. ती कोंबडी एकदा सगळ्यांसमोर सोडा."

तर मंडळी, आता मी कोंबडी सोडतो.

सुदेश साहेब, तुमच्यासाठी थोडं उलगडून सांगतो. आमच्या गावात गावपळण असते. चारेक वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. झावळ्यांच्या झोपड्या घालायच्या, तिथेच चूल मांडायची. त्या तीन दिवसांत गाव देवाचा. कुणी वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. हे आमच्यात फार कडक आहे. वेशीवर पहारा असतो.

त्या वर्षी आम्ही बाहेर पडलो, झोपडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी आई काशीबाई रडायला लागली. तिची कवडी कोंबडी अंड्यांवर बसली होती, परसातल्या पाटीखाली. घाईत तिला आणायची राहिली होती. आई म्हणाली, "दोन दिसांत पिल्लां फुटतली होती रे. पाण्याशिवाय मरतली ती." तिनं सकाळची पेजही घेतली नाही. मी बावीस वर्षांचा. आई जेवत नाही हे मला बघवेना.

तेव्हा गंगारामदादा, मानकरी मंडळी, ऐका. मी वेस ओलांडली. गावपळणीत, भरदिवसा, देवाच्या राईतून मागच्या वाटेनं मी गावात शिरलो. पाटीत कोंबडी घेतली, अंडी घेतली, वर पंचा टाकला आणि राईतून परत निघालो. राईच्या टोकाला आलो तर वेशीवर माणसांचे आवाज. मी एका मोठ्या किंजळीच्या झाडामागे बसलो. कोंबडीवर हात ठेवून, श्वास धरून. ऊन माडाच्या शेंड्यावरून बुंध्याला येईपर्यंत बसलो. आणि समोर गारंबीच्या वेलीवर तो येऊन बसला. माझ्याकडे तोंड करून. दहा हातांवर. लाल पोट. कोंबडीनंही बघितला, म्हणून मी म्हणालो होतो बरोबर कोंबडी होती! ते तरी खरं होतं.

झोपडीत कोंबडी आणली तेव्हा शेजारच्या झोपडीत सुगंधावैनी नवी नवरी होती. तिनं विचारलं, "काकी, ही कवडी खंयसून इली?" आई म्हणाली, "आपल्या पायान चलत इली." वैनी म्हणाली, "आनि अंडी?" आई म्हणाली, "ती तिच्या मागसून इली." हसतेय बघा! वैनी, सेहेचाळीस वर्षं हसतेयस ना?

आता सांगा, कधी बघितलास, कुठे बघितलास, याचं उत्तर मी कसं देणार होतो? खरं सांगावं तर रीत मोडल्याची कबुली. न सांगावं तर खोटारडा. मी खोटारडा व्हायचं पत्करलं.

बाईंनी ही हकिकत ऐकली. आधी कोंबडीला पोट धरून हसल्या. मग एकदम विचारलं, "आबा, तुम्ही तेव्हा टाळी वाजवली होती का?"

साहेब, आमच्या राईची आणखी एक रीत आहे. आत शिरायच्या आधी चपला काढायच्या, तीन टाळ्या वाजवायच्या आणि मोठ्यानं म्हणायचं, "येतंव रे म्हाराजा!" राखणदाराला कळवायचं, आम्ही येतोय. मी म्हणालो, "बाई, चोर काय टाळी वाजवून शिरतो?"

"आणि नंतर? नंतर शोधायला जायचात तेव्हा?"

"नंतर कायम वाजवली. एक रीत मोडली होती ना, म्हणून दुसरी जरा जास्तच पाळली. माझ्याइतकी मोठी टाळी गावात कुणाची नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. पुस्तकातलं वाचून दाखवलं. हा पक्षी माणसाची चाहूल लागली की पळत नाही. हलत नाही. नुसता पाठ फिरवून बसतो. आणि पाठ कशी? सुकलेल्या पानासारखी तपकिरी. मंडळी, तुमच्या लक्षात येतंय का? इतकी वर्षं मी त्याला आधी टाळी वाजवून कळवत होतो, आणि मग शोधत होतो. वीसपंचवीस वेळा तरी तो माझ्या समोर बसला असेल. पाठमोरा. हे आमच्याच गावच्या माणसाच्या हातून व्हायचं!

मी म्हणालो, "बाई, पण टाळी मी सोडणार नाही. एकदा मोडली ती पुरे."

त्या म्हणाल्या, "सोडायची कशाला? वाजवा की. पण आत जाऊन लगेच बाहेर येऊ नका. कोंबडीबरोबर बसला होतात तेवढा वेळ बसा. पक्ष्याला तुमचा विसर पडू द्या."

मग आम्ही बसू लागलो. उजाडता टाळी वाजवायची आणि ऊन बुंध्याला येईपर्यंत बसायचं. पहिल्या हिवाळ्यात सहा रविवार बसलो, काही नाही. डास मात्र नियमानं हजर. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा पाठ दिसली, मी खूण केली, बाईंनी मान वळवली तोवर गेला. बाई म्हणाल्या, "मी नाही पाह्यलं, म्हणून मी हो म्हणणार नाही." त्या दिवशी मला राग आला होता. आता कळतं, त्या हो म्हणाल्या असत्या तर त्या होला किंमत राहिली नसती. आणि या जानेवारीत बदलीची यादी आली. त्यांचं नाव होतं. मे महिन्यापर्यंतच मुदत. बाई म्हणाल्या, "आबा, मी बघून उपयोग नाही. मी जाणार. बघणारा इथला पाहिजे, आणि सगळ्यात जास्त हसणारा पाहिजे."

अध्यक्ष महाराज, तुमचं नाव मी घेतलं नाही. बाईंनीच घेतलं.

गंगारामदादा म्हणाले, "बाई, तुम्ही जातास म्हणान येतंय. पक्ष्यासाठी नाय." कांबळं घेऊन आले. तीन टाळ्या त्यांनीच वाजवल्या. आम्ही चौघं किंजळीखाली बसलो, दादा, बाई, रिया आणि मी. दादांचा गुडघा वाजला की रिया त्यांच्याकडे डोळे वटारून बघायची. तपकिरीची डबी तिनं आधीच काढून घेतली होती. तासाभरानं दादा माझ्या कानात म्हणाले, "लवू, माका शिंक येता." मी म्हणालो, "गिळा." दीड तास झाला. गारंबीच्या वेलीवर काहीतरी तपकिरी होतं. मी बोट दाखवलं. दादा बघून म्हणाले, "सुकलेलां पान आसा तां. चल घराक."

पान हललं. वारा नव्हता. आणि वेलीवर बसल्या जागीच ते पान सावकाश आमच्याकडे वळलं.

डोकं काळं. दोरी पांढरी. पोट आगळासारखं लाल.

बाईंच्या पिशवीत फोन होता, त्यांनी हात घातला नाही, उगाच हलायला नको म्हणून. रियानं माझं बोट धरलं होतं ते इतकं दाबलं की माडावर चढणाऱ्या माझ्या हाताला दुखलं. किती वेळ बसला? बाईंनी वहीत चार मिनिटं लिहिलीत. मग उडाला, गेला. सुदेश साहेब, मघाशी चहा घेताना तुम्ही मला हळूच विचारलंत, फोटो आहे का? साहेब, फोटो नाही. अध्यक्ष आहेत!

तो गेल्यावर दादा बराच वेळ उठले नाहीत. मला वाटलं गुडघा. ते पुढे जे बोलले ते सांगू का, दादा? मान हलवतायत, म्हणजे परवानगी आहे. ते म्हणाले, "लवू, त्या दिसा वेशीर पहाऱ्याक मीच होतंय. तू पाटी घेवन भायर इलंस, मी बघलंय. पाटीत कोंबडी कुरकुरत होती. मी पाठ फिरवलंय."

मी म्हणालो, "मग सेहेचाळीस वर्सां हसलंस कित्याक?"

म्हणाले, "तू खरां बोललंस आसतस तर माका पण बोलूक लागलां आसतां. म्हणान मी हसत ऱ्हवलंय."

मी त्यांना हात दिला, ते उठले, आम्ही चहा घ्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी थांब्यावर कुणीतरी नेहमीचं म्हणालं, येष्टी म्हणजे लवूचो पक्षी. दादा कडाडले, "लवूचो पक्षी आसा! येष्टीचां काय तां बघा!" तेव्हापासून रियाच्या वाटेला कोणी जात नाही. वर्गातली पोरं तिला विचारतात, आम्हाला कधी नेशील? ती म्हणते, आधी गप बसायला शिका.

बाई, आठ वर्षांत तुम्ही आमच्या पोरांना पाढे शिकवलेत, स्पर्धेत पाठवलंत, ते सगळं किशोरीबाईंनी सांगितलं. मी एवढंच सांगतो. सगळा गाव ज्या गोष्टीला हसत होता ती थट्टा आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावरही तुम्ही विचारणं थांबवलं नाहीत. तुमचे उपकार मानायला मला पुडीच्या कागदावर शब्द मिळाले नाहीत.

आता शेवट. भाषण संपवताना वक्ते म्हणतात, काही चुकलं असल्यास क्षमा असावी. मलाही म्हणायचंय, पण माझी चूक ठरलेली आहे आणि तिला तारीख आहे. गावपळणीत मी वेस ओलांडली. देवाची, मानकऱ्यांची आणि या सभेतल्या प्रत्येकाची मी माफी मागतो. या टेबलावर दोन नारळ आहेत. एक माझा. अडुसष्टाव्या वर्षी स्वतः चढून पाडलाय, सून ओरडत होती तरी. दुसरा आज पहाटे माझ्या ओट्यावर कुणीतरी ठेवून गेलं. कोण ते मी सांगणार नाही. दुखऱ्या गुडघ्यानं एवढा चढ चढून कोण आलं असेल ते तुम्ही समजा. उद्या सकाळी देवळात दोन्ही नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं आहे. ज्यांना यायचं त्यांनी या. मानकरी जो दंड सांगतील तो मला मान्य आहे. फक्त दंड सांगणाऱ्यांनी अर्धा आपल्याकडे ठेवावा!

शाळेनं मला बोलायला उभं केलं, तुम्ही एवढा वेळ ऐकलंत, पोरं खाऊ समोर असून गप्प बसली, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर चौथी शिकलेला म्हणून पोटात घाला.

आणि बाई, पोचल्यावर पत्र टाका. फोन करू नका, फोनवरचं मला अर्धं ऐकू येतं, आणि पत्र कसं पुन्हा पुन्हा काढून वाचता येतं. सासूबाईंची तब्येत लिहा, नव्या शाळेला सावली आहे का ते लिहा. तुमच्या माळावर कुठले पक्षी आहेत ते पोरांकडून लिहून घ्या आणि यादी मला पाठवा. यादीत एखादं नाव पुस्तकात नसलेलं आलं, तर त्या म्हाताऱ्याच्या खळ्यात जा, आणि मला विचारलं होतं तेच त्याला विचारा. तो काय म्हणाला ते मला कळवा. रिया वाचून दाखवील, मी वाट बघतोय, उशीर लावू नका.